हातगुण

सीताफळाचं फूल पहिल्या दिवशी बाई असतं आणि दुसऱ्या दिवशी गडी होतं. बाळासो उभ्या जन्मात एक दिवस जरी बाई झाला असता, तरी ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

बार्शीपासून अकरा-बारा किलोमीटरवर डांबरी रस्ता सोडून आत शिरलं की बाळासोची पाच एकर बाग लागते. फळ मोठं, गर भरपूर, बिया कमी. पण या झाडाची एक खोड आहे. फूल तीन जाड पाकळ्या मिटून, खाली मान घालून लोंबतं. पहिल्या दिवशी आतले स्त्रीकेसर ओले, चिकट, पराग घ्यायला तयार असतात, तेव्हा पुंकेसर झोपलेले. दुसऱ्या दिवशी पुंकेसर जागे होऊन पराग सांडतात, तोवर स्त्रीकेसर सुकून गेलेले. एका घरात राहून नवरा-बायकोची गाठ नाही. निसर्गानं या कामावर एक तिळाएवढा किडा नेमला होता, तो या फुलातून त्या फुलात हिंडायचा. बाळासोनं दहा वर्षं औषधं मारून तो किडा संपवला आणि त्याच्या जागी बायका लावल्या. किड्याला निदान कुणी नियम घातले नव्हते.

बायकांचं काम असं. दुपारी उद्या पराग सांडणारी फुलं तोडायची आणि कागदावर पसरून ठेवायची. सकाळपर्यंत त्यातून पिवळसर भुकटी गळते. ती बाटलीत भरायची आणि ऊन चढायच्या आत, बारीक ब्रशानं, नव्यानं उमललेल्या एकेका फुलात लावायची. झाडागणिक शे-दोनशे फुलं, मान वर, हात वर, आणि ब्रश जरा जोरात लागला की फूल तुटून हातात.

या बायकांत अंकिता सगळ्यांत तरबेज. वय सव्वीस, दहावी पास. विज्ञानाच्या वहीत काढलेली फुलाची आकृती तिला अजून पाठ होती. बाकीच्या बायका ‘पावडर लावायची’ म्हणायच्या. ती पावडर नेमकी कुठं पडली पाहिजे, हे अंकिताला ठाऊक होतं. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे एकेक वेगळा स्त्रीकेसर. पराग एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला राहिला, तर फळ वाकडं होतं, एका अंगाला फुगलेलं आणि दुसऱ्या अंगाला बसलेलं. म्हणून ती ब्रश आत घालून गोल फिरवायची, तान्ह्या लेकराचं नाक पुसावं तितक्या हलक्या हातानं. तिच्या ओळीत शंभर फुलांना नव्वद फळं धरायची, आणि सगळी गोल.

“पोरीच्या हाताला गुण हाय,” बाळासो चारचौघांत म्हणायचा.

एवढं एक वाक्य अंकिताला वर्षभर पुरायचं. तिचा नवरा नवनाथ बार्शीच्या बाजारात हमाली करायचा आणि घरी येऊन भाकरीत मीठ किती आहे यापलीकडे तिच्याशी फार बोलायचा नाही. गावात ती नवनाथची बायको होती, नाहीतर आरोहीची आई. बागेत मात्र तिला अंकिता म्हणत. ती ओळ, ती झाडं, तो ब्रश हे सगळं तिचं होतं आणि ते गेलं तर आपल्याजवळ काय उरतं, हा विचार ती मुद्दामच करायची नाही.

पण बाळासोचा एक कायदा होता. त्याच्या बापाचा पानमळा होता, आणि पानमळ्यात अडचणीतली बाई शिरली की वेल सुकतो, असं जुने लोक मानायचे. पानमळा मोडला, वेल गेले, बापही गेला. कायदा तेवढा वारसाहक्कानं राहिला. बाळासोनं तो उचलून सीताफळाला लावला. “फूल हाय ते. फुलाला इटाळ चालत न्हाय,” तो म्हणायचा. बहर चाळीस दिवसांचा. म्हणजे धडधाकट बाईला त्यात एकदा तरी अडचण यायचीच, बहुतेकींना दोनदा. जी चार दिवस घरी बसली तिची ओळ दुसरीला, आणि एकदा गेलेली ओळ त्या बहरात परत नाही. साहजिकच बायका लपवायच्या, आणि मुकादमीण बजाबाई त्यांना पकडायची.

बजाबाई साठीच्या घरातली. चार मुलगे, दहा वर्षांपूर्वीच सगळ्या कटकटीतून मोकळी झालेली. कुठली बाई दोनदा उसाच्या आडोशाला गेली, कुणी चहा नको म्हटलं, कुणाचा चेहरा उतरलाय, यावर तिचा बारीक डोळा. एका सालच्या बहरात तिनं अंकिताला बरोबर नवव्या दिवशी हाताला धरून बांधावर नेऊन बसवलं. अंकिताच्या डोळ्यांदेखत तिची ओळ एका थोराड हाताच्या बाईला मिळाली. ती बाई फुलं कुस्करत होती, दहातली चार तोडून खाली टाकत होती, आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं. अंकिता बांधावर बसून हुंदके देत राहिली. स्वतःच्या अंगाचा इतका राग तिला त्याआधी कधी आला नव्हता.

बजाबाई तिच्या शेजारी टेकली आणि तिनं मिसरीची डबी उघडली. “माझं ऐक. पिशवी काढून टाक. ह्या चौघी बग, काढून आल्या, आता हायेत का कसल्या घोरात? पोर झालंय की तुला एक.”

“अजून एक पायजे मला, मावशी.”

“कशाला? हितं पोरगं घिऊन येणारैस का कडंवर? ती पिशवी काय आंबं पिकवायला ठिवलीस व्हय?”

अंकिताच्या मनात दुसरं मूल होतं. आरोही शाळेत जायला लागली की मग, असं तिनं ठरवलं होतं. मुलगा झाला तर अभिमन्यू, हे नावही तिनं कुणाला न सांगता ठेवून दिलं होतं. पण ओळ गेली ती डोळ्यांसमोरून हलेना. त्या दिवाळीआधी बजाबाईनं तिला जीपमध्ये घालून एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोटावरून यंत्र फिरवलं, सूज आहे म्हणाला, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल म्हणाला. बाहेर बाकावर बसलेल्या दोघींनाही त्यानं तेच वाक्य सांगितलं होतं, अगदी त्याच सुरात. अंकिताला ते कळलं तेव्हा नवनाथची सही होऊन गेली होती.

त्यानंतर तिच्या अंगातून कधीही वाफा निघायला लागल्या, कंबर वाकली की सरळ व्हायला वेळ लागायला लागला. पिशवीबरोबर आणखी काय काय काढलं, हे तिला कुणी सांगितलं नाही. सव्वीस वर्षांची पोर उठताना ‘आई गं’ म्हणून उठायची. पण आपली ओळ आता कुणी काढून घेणार नाही, या एका गोष्टीवर ती उभी होती. त्याच हिवाळ्यात तिची धाकटी जाऊ मुक्ता बाळंत झाली, मुलगा झाला. बारशाच्या दिवशी अंकितानं नणंदेच्या कानात हळूच नाव सांगितलं आणि नणंदेनं ते बाळाच्या कानात सांगितलं. अभिमन्यू नाव त्या घरात आलं, दुसऱ्याच्या पाळण्यात का होईना.

पुढचं साल उजाडलं. बाळासोचा मुलगा ऋतुराज शेतीची पदवी घेऊन घरी आला आणि पदवी मिळालेल्या माणसाला जे होतं ते त्यालाही झालं, चालू असलेली गोष्ट त्याला बघवेना. रोज दुपारी फुलं तोडायची, रोज पसरायची, हा त्याला वेळेचा नास वाटला. त्यानं मोटारीच्या खोलीत एक जुना फ्रीज आणून ठेवला. आता पराग चार दिवसांतून एकदाच गोळा व्हायचा, स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी. शेतातली लाईट दिवसातून सहा-सात तास नसायची. फ्रीज बंद पडायचा, डब्याला आतून घाम सुटायचा, आणि सकाळी बायकांच्या बाटलीत पडायचं ते भुकटी नव्हे तर काळपट गुठळ्या.

अंकितानं दुसऱ्याच दिवशी बोट लावून पाहिलं. “छोटे मालक, पराग मेलाय ह्यो.”

ऋतुराज मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, “तुझं शिक्षण किती?”

“धाव्वी.”

“मग लाव गप.”

तिनं लावला. नेहमीसारखाच, गोल फिरवून, एकही फूल न दुखावता. मेलेला पराग कितीही मायेनं लावला तरी तो मेलेलाच. आठव्या दिवसापासून फुलं देठातून पिवळी पडून गळायला लागली. बाराव्या दिवशी झाडाखाली फुलांचा सडा आणि झाडावर नुसता पाला. पाल्याचं काय, तो उन्हात आपलं अन्न शिजवतच होता. पण वाढायला ताटावर कुणी बसलेलंच नव्हतं.

बाळासो ओळीओळीनं हिंडला. त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. पोराला बोलणार कसा? पोराच्या पदवीचा फोटो सोप्यात लावलेला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथं तर अंगण म्हणून उभ्या बायकाच होत्या. त्यानं सगळ्यांना बोलावलं, पिशवी काढलेल्या पाच जणींना वेगळं उभं केलं, आणि म्हणाला, “फळ धरवायचं काम हाय हे. जिच्या पोटात पिशवीच न्हाय, तिच्या हातनं फळ धरंल कसं? हां? मलाच आधी कळाया पायजे हुतं.”

अंकितानं बजाबाईकडं पाहिलं. पाचही जणींना जीपमध्ये घालून नेणारी बाई ती. बजाबाईनं पदर सावरला. “मी तर म्हनतच हुते मालक, वांझोटा हात त्यो वांझोटाच.”

“मावशी!” अंकिता ओरडली. “तुमीच नेलं की मला!”

“मी काय वढत नेलं का गं? तुझ्या पायानं जीपत बसलीस.”

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते काळजात रुतलं. अंकितानं बाळासोपुढं हात जोडले. पराग शिळा आहे, एक दिवस ताज्या परागावर काम करून बघा, एकच दिवस, असं ती परत परत सांगत राहिली. ऋतुराज हसला. बाळासो म्हणाला, “खुरपायला ये पायजे तर. फुलाला हात लावायचा न्हाय.” बजाबाईनं तिच्या हातातला ब्रश काढून घेतला.

त्या पाच जणींच्या जागी पाच लेकुरवाळ्या आल्या, आणि अंकिताच्या ओळीला आली मुक्ता. पाच-सहा महिन्यांचा अभिमन्यू लिंबाखाली झोळीत, आणि ती झाडाखाली ब्रश घेऊन गोंधळलेली. “ताई, कसं लावायचं वो?” तिनं दबक्या आवाजात विचारलं. अंकितानं खुरपं बाजूला ठेवून तिला लांबूनच, हवेत बोट फिरवून दाखवलं. पहिली कळ पोटातून अशी उठली की तिला वाटलं टाके उसवले. टाके केव्हाच वाळले होते. ती कळ निव्वळ हेव्याची होती, आणि मुक्ता चांगली पोर आहे हे माहीत असल्यामुळं ती जास्तच दुखत होती.

तीन दिवसांत अंकिताच्या लक्षात आलं की लेकुरवाळ्यांच्या हातची फुलंही तशीच गळणार. बाटलीत गुठळ्या त्याच होत्या. बाग गेली तर जाऊ दे, असं म्हणून तिला गप्प बसता आलं असतं. पण बाग अशीच गेली तर ‘वांझोटा हात’ हा शब्द तिच्या कपाळावर कायमचा राहणार होता, आणि पिशवी गेली ती निव्वळ फुकट, कुत्र्यानं ओढून नेल्यासारखी. हे तिला सहन होईना.

दुपारी खुरपताना तिनं बांधाकडच्या झाडांची, दुसऱ्या दिवशी पराग सांडणारी तीस-चाळीस फुलं ओच्यात टाकली. घरी आणून वहीच्या कागदावर पसरली आणि वर परात पालथी घातली. पहाटे परात उचलली तर कागदावर पिवळी, कोरडी, मऊ भुकटी. तिनं ती आरोहीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली. ब्रश नव्हता, म्हणून आरोहीच्या रंगपेटीतला घेतला, त्याला हिरवा रंग वाळून चिकटलेला होता तो दातानं सोलून काढला.

बायका यायच्या आत ती बागेत पोचली. कोपऱ्यातल्या झाडाची पूर्वेकडची एकच फांदी तिनं धरली. चोरी करायची तर सगळ्या झाडाची करता आली असती, पण तिला फळ नको होतं, साक्ष हवी होती. फांदीवर नुकती उमललेली चौतीस फुलं होती. प्रत्येकात ब्रश गोल फिरवला. शेवटी फांदीला आरोहीच्या वेणीची लाल रिबीन बांधली आणि खुरपं घेऊन कामाला लागली. आतून ती कितीतरी महिन्यांनी हसत होती.

दहा दिवस तिनं त्या झाडाकडं मान वळवून पाहिलं नाही. अकराव्या दिवशी बजाबाईची किंकाळी ऐकू आली. “मालक! अवो मालक! करणी केलीया कुनीतरी. लाल चिंधी बगा!”

सगळे धावले. बाळासो, ऋतुराज, बायका, मुक्ता पोराला कडेवर घेऊन. बागेत सगळीकडं लेकुरवाळ्यांच्या हातचीही फुलं पिवळी पडून गळत होती. आणि त्या एका फांदीवर, रिबिनीच्या पुढं, वाटाण्याएवढी हिरवीगार फळं ताठ उभी होती. बाळासोनं बोट लावून लावून मोजली. एकतीस.

“कुनी केलं हे?”

अंकिता खुरप्यासकट पुढं आली. “मी केलं मालक. चौतीस फुलं हुती, येकतीस धरली. आदल्या दिवशीची ताजी फुलं तोडून, ताजा पराग लावला. माझ्या हातात बी काय न्हाई अन् ह्या लेकुरवाळ्यांच्या हातात बी काय न्हाई. फ्रीजातला पराग मेलेला हाय. इचारा छोट्या मालकांना, पुस्तकात आसंल की.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाळासो फांदीकडं बघत होता, मग त्यानं मान वळवून पोराकडं पाहिलं. ऋतुराजचा चेहरा पांढरा पडला. त्याला कळलं होतं. शिकलेला होता, न कळायला काय झालं. त्याला त्या क्षणी सगळं कळलं, आणि ते कळल्याबरोबर त्यानं पहिलं काम केलं ते स्वतःची कातडी वाचवायचं.

“पप्पा,” तो म्हणाला, “म्हणजे तुमचा जुना नियमच बरोबर होता. बघा ना. हिची पिशवी काढलेली, हिला अडचण नाही, हिच्या हाताला फळ धरलं. या लेकुरवाळ्यांत तिघींची या आठवड्यात अडचण होती, मी ऐकलंय. तिथं गळ झाली.”

“आणि पहिल्या बारा दिवसाची गळ?” बाळासोनं विचारलं.

“तेव्हा ऊन किती होतं, पप्पा.”

वड्याचं तेल वांग्यावर काढावं तर असं. पण बाळासोला ते पटलं. पटणारच; त्यात त्याचा पोरगाही शहाणा ठरत होता, त्याचा बापही आणि तो स्वतःही. त्याच्या कपाळाची शीर खाली बसली. “मी म्हनत नव्हतो? फुलाला इटाळ चालत न्हाय!”

“मालक, तसं न्हाई ते,” अंकिता म्हणाली, “पराग…”

“बास. तुझी ओळ तुला दिली. मुकादमबी तूच. बजाबाई, हिचा ब्रश दे हिला.”

आता खरं सांगायचं तर, अंकिता त्या क्षणी गप्प बसली. तिनं ब्रश घेतला. तोच तिचा ब्रश, दांडीला तिनं बांधलेला निळा दोरा तसाच होता. बाळासोनं घरातून नारळ आणि जरीकाठी लुगडं मागवलं आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात दिलं. पाचही जणींना परत घेतलं. लेकुरवाळ्यांना घरी पाठवलं, मुक्तालाही. अंकिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आनंदाचं होतं. पिशवी फुकट गेली नव्हती. त्या दिवशी तिला एवढंच दिसत होतं, आणि तेवढ्यासाठी तिला कुणी दोष देऊ नये.

दुसऱ्या दिवसापासून ऋतुराजनं रोज दुपारी ताजी फुलं तोडून घ्यायला सुरुवात केली. का, ते तो कुणाला बोलला नाही. फ्रीजमध्ये नुसतं दही राहायला लागलं. उरलेल्या तेरा-चौदा दिवसांत बाग फळांनी लगडली आणि पंचक्रोशीत बोलबाला झाला की बाळासोच्या बागेत पिशवी काढलेल्या बायकांचा हात लागतो म्हणून एवढं फळ धरतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणावं, तर इथं फांदी कुणी करवतली ते ऋतुराजला पक्कं ठाऊक होतं.

श्रावणात त्यानं बागेच्या फाटकावर फ्लेक्स लावला. मोठ्ठं सीताफळ, आणि शेजारी ब्रश धरलेली, हसणारी अंकिता. खाली लिहिलेलं, ‘अंकिताताईंचा हातगुण’. आरोही शाळेतून येताना मैत्रिणींना थांबवून दाखवायची. आजूबाजूच्या तीन बागायतदारांनी पुढच्या बहराला ‘तसल्या’ बायका पाहिजेत म्हणून बजाबाईकडं निरोप धाडले. मुकादमी गेली म्हणून बजाबाई चार दिवस रुसली होती. आता तिला हे नवं काम सापडलं.

दसरा झाला, तोडणी सुरू झाली. अंकिता फाटकाजवळ क्रेट भरत होती, कोपऱ्यातल्या झाडाच्या त्याच फांदीची फळं. एकेक फळ गोल, डोळा न् डोळा भरलेला. तेवढ्यात जीप येऊन फ्लेक्सखाली थांबली. पुढं बजाबाई. मागं चार बायका, आणि त्यांत मुक्ता. ती अभिमन्यूला घेऊन खाली उतरली.

“ताई, चार दिवस ह्याला सांभाळा. वरचं दूध घेतोय आता. सासूबाईंना नीट दिसत न्हाई, म्हनून तुमच्याकडं.”

अंकिताच्या हातातलं फळ क्रेटमध्ये पडलं. “कुटं निगालीस?”

मुक्तानं लाजून वर फ्लेक्सकडं पाहिलं. “तुमच्यासारखंच की. औंदा अंगावर पाजत हुते, अडचण नव्हती, तरी मला काढलंच. पुढच्या साली तर येनारच अडचण. बजामावशी म्हनली, आत्ताच मोकळी हो, ताईच्या हाताखाली ओळ मिळंल.”

“मुक्ते, जाऊ नगंस.” अंकितानं तिचं मनगट धरलं. “आईच्यान सांगते, त्यात काय न्हाई. पराग ताजा हुता म्हनून धरलं. तू लावला असतास तरी धरलं असतं. कुनीबी लावला असता तरी. पिशवीचा आन् फळाचा काय सुदीक संबंध न्हाई, मी शाळेत शिकलीया. मला अंगातनं वाफा निगतात मुक्ते, मला रातीला झोप न्हाई, बसलं तर उटवत न्हाई…”

मुक्ताचा चेहरा बघता बघता बदलला. “मंग लुगडं कशाला घेतलंत?”

अंकिताच्या हातातनं तिचं मनगट सुटलं.

“मुकादम झाल्या, फोटू लागला. तुमचं सगळं झालं की, ताई. आता मला नगं म्हनताय व्हय?”

जीपमधून बजाबाई खाकरली. “ये गं पोरी. तिचं पोट दुकतंय. दुसरी कुनी आली तर हिचं नाव कोन घील?”

मुक्तानं पोराला अंकिताच्या हातात दिलं, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसली. तिचं वय एकवीस होतं. जीप धूळ उडवत डांबरीकडं गेली. अंकिता दोन पावलं मागं धावली, पण कडेवर पोर होतं आणि कंबरेतून कळ आली, म्हणून थांबली.

अभिमन्यू रडायला लागला. तिनं क्रेटमधलं एक पिकलेलं फळ फोडलं, बिया काढून गराचा बारीकसा घास त्याच्या जिभेवर ठेवला. तो चोखत चोखत गप्प झाला. एकेका बीभोवती एकेक घास. जिथं पराग पोचला तिथं बी, आणि बी तिथं गोडवा. तिनं बिया तळहातावर घेतल्या. हे पोर आता एकटंच वाढणार होतं, आरोहीसारखं, आणि ते कुणा डॉक्टरनं, कुणा बजाबाईनं केलेलं नव्हतं; चौतीस फुलांना हलक्या हातानं ब्रश फिरवून आपण केलं, हे तिला उन्हात उभ्या उभ्या लख्ख कळलं. ती गप्प राहिली असती, वांझोटा हात म्हणवून घेऊन नुसती खुरपत राहिली असती, तर त्या चौघी आज घरी असत्या.

बाळासो बागेतून फाटकाकडं आला. खुशीत होता. “अंकिता, पोराला झोळीत टाक आन् क्रेट उरक, गाडी यायली. आन् ऐक, बजाबाई म्हनत हुती, पुढच्या सालाला बारा बाया तयार हुत्यात. बाराच्या बारा तुझ्या हाताखाली देतो.”

अंकितानं तळहातावरच्या बिया बांधावर फेकल्या आणि पोराचं तोंड पदरानं पुसलं.

“व्हय मालक,” ती म्हणाली.